काल होता तसा

दिगू सारंगांनी सीपीयू आणला
जाळ्याच्या तुकड्यात बांधून, सायकलच्या कॅरियरवर.
मासेमारी बंद. होड्या आनंदवाडीला झापांखाली निजलेल्या.
"गो बाये, ट्रक डावीकडे वळना नाय."

ट्रक म्हणजे खेळातला.
बर्फाच्या कुठल्याशा देशात
रात्रभर मासे पोचवत असतात ते.
होडीचा खेळ घ्या की, मी मागे सुचवलं होतं.
"दर्या काय खेळ आसा?" एवढंच म्हणाले.

मी सुरू केलं. ट्रक छान वळला.
डावीकडे, उजवीकडे, पुलावरून, बोगद्यातून.
"चालतंय की, काका."
त्यांनी डावा हात काउंटरवर ठेवला.
मधलं बोट आणि अनामिका
विंचने नेली त्याला अकरा वर्षं झाली.
खेळ बनवणाऱ्याने नेमकी तीच धरली होती:
मधल्याने पुढे, अनामिकेने डावीकडे.

भाचा लौकिक गेल्या मे महिन्यात एक रात्र जागला
आणि सगळी बटणं उरलेल्या बोटांशी नेऊन ठेवली.
चार केबीची फाइल.
परवा वीजबिल भरताना चौकट उघडली:
तुमच्या संगणकात घाण आहे.
ज्याच्या होडीच्या फळीवर जेवून घ्यावं
त्या माणसाला असं म्हणायचं?
त्यांनी "आता साफ करा" दाबलं.
दोन हजार सहाशे चौदा निरुपयोगी वस्तू गेल्या.
हिरवी खूण आली. शाबासकीसुद्धा.

"मूळ स्थितीत आणू?" मी विचारलं.
"मूळ नको. काल होता तसा व्हया."

काल कसं होतं ते सांगता येईना.
लौकिकचा फोन लागेना, कारखान्यात रात्रपाळी करून झोपलेला.
मग म्हटलं, डोळे मिटा आणि चालवा.
बंद कीबोर्डवर ते चालवू लागले.
घाटासारखं काहीतरी आलं असावं, खांदा कलला.
करंगळी कुठे पडते, अंगठा कुठे सरकतो,
मी पावतीच्या मागे लिहीत गेले.
हॉर्न उजव्या हाताला, एकदम मोठ्या बटणावर;
तो त्यांना फार लागतो.

सगळं भरलं, जतन केलं, बंद केलं, उघडलं.
पुन्हा दहा बोटं.
पुन्हा भरलं. पुन्हा दहा बोटं.
तिसऱ्या वेळी मी चहा मागवला
आणि खालच्या कोपऱ्यातली ढाल दिसली.
जावयाने घालून दिलेला पहारेकरी.
कागदपत्रांच्या खोलीत तो खेळाला पाऊलच ठेवू देत नव्हता.
कुणाला अडवलं, कधी, सगळं नोंदलेलं,
अगदी इमानदारीने. शिवी तरी कशी द्यायची?

राखणदारच तो. घरचं कोण, परकं कोण
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
अपवादांची यादी उघडली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं:
बा राखणदारा, ह्यो खेळ घरचो आसा,
ह्येका येवक जावक दी,
काय चुकला-माकला असात तर पोटात घाल,
वाट मात्र अडवू नको रे महाराजा.
मागून दिगूकाका, सवयीने, चहाचा कप खाली न ठेवता:
"व्हय महाराजा."

बंद केलं. उघडलं.
करंगळी दाबली. ट्रक डावीकडे गेला.

सफाईवाल्याला काढताना त्याने विचारलं,
आम्हाला का सोडताय? कारण निवडा.
पाच कारणं होती. आमचं त्यात नव्हतं.
फाइलीची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घातली,
नाव दिलं: काल.

काका तिथेच बसले, स्टुलावर, सातपर्यंत.
एक खेप पोचवतोच म्हणाले.
हॉर्न ऐकून समोरचा शिंपी दोनदा बाहेर आला.
मासे वीस मिनिटं उशिरा पोचले,
खेळाने दंड कापला.
तेवढा मी माझ्या बिलातून वजा केला.